मूळ कुठलं?

साताऱ्यात घर घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सामानाचे खोके अजून फोडायचे होते आणि बरोबर आणलेली एकुलती एक कुंडी कुठं ठेवावी या विचारात मी कुंपणाशी उभा होतो. पलीकडून आवाज आला, "मूळ कुठलं?"

नव्या शेजाऱ्यानं विचारायचा पहिला प्रश्न आपल्याकडे हाच. मी अदबीनं म्हणालो, "आम्ही मूळचे चिपळूणकडचे. वडील नोकरीनिमित्त कऱ्हाडला आले, तेव्हापासून…"

"तुमचं नाही हो मास्तर. कुंडीतल्याचं."

मी मास्तर आहे हे त्यांना आदल्या दिवशीच टेंपोवाल्याकडून कळलं होतं. कुंडीतल्याविषयी मात्र टेंपोवाल्याला काही सांगता आलेलं नसावं.

"बोगनवेल आहे. कऱ्हाडच्या नर्सरीतनं आणली."

"कऱ्हाड हा मुक्काम झाला. मूळ ब्राझील," असं म्हणून कुंपणापलीकडच्या गृहस्थांनी बंडीच्या खिशातून डायरी काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि काहीतरी टिपून घेतलं. पोलीस चौकीत वर्दी दिल्यासारखं मला वाटलं. पुढं माझ्या लक्षात आलं की वर्दी माझ्याच विरुद्ध होती.

हे आमचे तात्या. महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. खेड्यापाड्यांतून या हुद्द्याला नुसतं 'सर्कल' म्हणतात, त्यामुळे गल्लीत ते सर्कलतात्या. उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार प्रमाणित करण्यात गेला. निवृत्तीनंतर हाताशी उरली घरामागची दीडेक गुंठ्याची बाग, आणि सवय काही निवृत्त होत नाही. तात्यांनी बागेचा सातबारा तयार केला. खोटं वाटेल, पण मी तो पाहिला आहे. लाल कापडी बांधणीची लांबलचक वही, आणि पानागणिक एक झाड: नाव, स्थानिक नाव, कूळ, मूळ ठिकाण, ताब्यात आल्याची तारीख, इतर हक्क, शेरा. सह्याद्रीत आपोआप उगवणारी झाडं ती भोगवटादार वर्ग १. देशातलीच, पण घाटाबाहेरची, ती वर्ग २. समुद्र ओलांडून आलेल्यांसाठी वहीच्या शेवटी वेगळी पानं होती. त्यांच्या माथ्यावर एकच शब्द: अतिक्रमण.

श्री. द. महाजनांची 'देशी वृक्ष' आणि 'विदेशी वृक्ष' ही दोन्ही पुस्तकं त्यांच्याकडे आहेत. पहिलं देवघराच्या फडताळात असतं, दुसरं चपलांच्या कपाटावर. दुसरं वापरून वापरून अधिक खिळखिळं झालंय, कारण रस्त्यानं जाताना ओळखायची वेळ त्यातल्याच मंडळींची येते. तात्यांबरोबर फिरायला जाणं म्हणजे अतिक्रमण विभागाच्या गाडीत बसणं. "हा गुलमोहर. मादागास्कर. हा स्पॅथोडिया, आफ्रिका. हा रेन ट्री, थेट दक्षिण अमेरिका. ही गिरिपुष्प म्हणून मिरवणारी ग्लिरिसिडिया, नाव काय घेतलंय बघा, बसमध्ये खोट्या पासवर चढल्यासारखं." कोपऱ्यावर एक तामण आहे. ते आपलं राज्यफूल, म्हणून त्याच्यापुढं मात्र चालणं जरा मंद व्हायचं.

या सगळ्यात अडचण स्वयंपाकघराची. संकष्टीला काकू साबुदाण्याची खिचडी करायच्या. एका चतुर्थीला तात्यांनी ताट पुढ्यात ओढलं आणि त्यांचा घास अडला. साबुदाणा ज्या कंदाचा, तो ब्राझीलकडचा. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोची. "म्हणजे आपण आजवर जो उपास केला," तात्या हळूच म्हणाले, "तो नेमका कुणाचा?" पुढच्या चतुर्थीला राजगिऱ्याची फर्माइश झाली. काकूंनी लाडू वळले आणि संध्याकाळी पुस्तकात निघालं की राजगिराही तिकडचाच. मग उरली वरी. तीन चतुर्थ्या तात्यांनी वरीचा भात, दही आणि मिरचीच्या जागी मिरी यांवर काढल्या. मिरी अस्सल मलबारची, तिच्याविषयी तक्रार नव्हती. जिऱ्याबद्दल काकूंनी त्यांना कळूच दिलं नाही. चौथ्या चतुर्थीला शेंगदाण्याचं कूट तुपावर पडल्याचा वास आमच्या घरापर्यंत आला, तेव्हा मी मुद्दाम कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. तात्या माझ्याकडे पाठ करून खात होते. काकूंनी खिडकीतून मला सांगितलं, "खिचडीला व्हिसा मिळाला."

काकूंचं मात्र वेगळंच होतं. दाराशी झेंडू, तुळशीजवळ निशिगंध, संडासाच्या मागं पपई. सगळी अतिक्रमणं, आणि सगळी काकूंच्या आशीर्वादानं. "ह्यांचं कुलदैवत बदामीची बनशंकरी," त्या म्हणायच्या. "कर्नाटकातली. तिला विचारलंय का कधी कुणी, वर्ग एक का दोन?"

पण मला सांगायचंय ते अंजनीचं.

नोकरीत एकदा तात्यांची महाबळेश्वरकडे बदली झाली होती. मार्च महिना, मोजणीच्या तक्रारीचा पंचनामा, आणि पायवाटेच्या वळणावर एक झाड पुढ्यात आलं. तात्या हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज खात्याचा राहत नाही. "मास्तर, फांदीवर कुणी शाईची दौत उपडी केल्यासारखं. शेंड्याला नाही, पानांत नाही. काळ्या, जुन्या, उघड्या फांद्यांनाच निळं चिकटलेलं. पंचनाम्याचे पंच पुढं निघून गेले, मी तिथंच." त्या पंचनाम्यात जमिनीची एक हद्द 'अंजनीचे झाडापासून पूर्वेस' अशी लिहिली गेली, आणि वरिष्ठांनी त्यावर लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं. महाबळेश्वर–माथेरानच्या सदाहरित रानात हे झाड मुबलक. लहानखुरं, चामड्यासारख्या जाड, तुकतुकीत पानांचं, लाकूड एवढं कठीण की कुऱ्हाडीनं तोंड वाकडं करावं. दीड गुंठ्यात मावेल असं, आणि जन्मानं वर्ग १. निवृत्त झाल्यावर पहिलं झाड लावायचं ते हेच, असं तात्यांनी तिथंच ठरवलं होतं.

झाड लावायला आधी ते मिळावं लागतं. रानातून रोप उपटून आणणं तात्यांना मान्य नव्हतं, ते स्वतःच सरकार होते. त्यांनी एका नर्सरीवाल्याला फोनवर सांगितलं, "अंजन पाहिजे." हिवाळा होता, आलेली काडी निष्पर्ण. तिला जपलं, पाणी घातलं, आणि चैत्रात तिला तांबूस, फुलपाखराच्या पंखांसारखी जोडपानं फुटली, जवळजवळ आपट्याची धाकटी बहीण. नर्सरीवाला मूळचा जळगावकडचा. खानदेशात, विदर्भात अंजन म्हणजे हेच, कोरड्या डोंगरांवरचं उंच, चिवट झाड, आणि तेही अगदी देशी. दोघांचंही बरोबर होतं. मधल्यामध्ये तात्यांचं एक वर्ष गेलं. ते रोप त्यांनी माण तालुक्यातल्या एका शाळेला दिलं. तिथल्या दुष्काळात ते मजेत आहे म्हणतात.

दुसऱ्यांदा त्यांनी फोनवर एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. आला कांचन.

तिसऱ्या वेळी तात्यांनी चिठ्ठी लिहिली, शास्त्रीय नावानं: मेमेसायलॉन अंबेलेटम. हे नाव १७६८ साली बर्मन नावाच्या एका डच माणसानं ठेवलं. "पाळण्यात नाव ठेवायला परका माणूस बसला की जन्माचं नुकसान," असं तात्यांचं मत. (कुकसाहेबाला मात्र ते काही बोलत नाहीत. थिओडोर कुक हा पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची त्याची मोठी सूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली आणि तात्यांची निम्मी वही तीवर उभी आहे. साहेबाचं मूळ विचारायचं नसतं.) नर्सरीतल्या पोरानं चिठ्ठी दोनदा वाचली, मान डोलावली आणि आठ दिवसांनी तात्यांच्या घरी फोन केला. तो काकूंनी उचलला. पलीकडून पोरगं म्हणालं, "साहेबांना सांगा, मेमसाहेब आल्यात."

काकू पुढं कितीतरी दिवस हा फोन तीनतीनदा सांगत होत्या. झाडाचं नाव पडलं ते पडलंच. माळीमामा, कामवाली बाई, पेपरवाला, सगळ्यांच्या तोंडी मेमसाहेब. "तात्या, मेमसाहेबांना पाणी सोडलंय," असं माळीमामा मोठ्यानं म्हणायचे, आणि साऱ्या जिल्ह्यातून परदेशी झाडांना हद्दपार करायला निघालेले आमचे तात्या निमूटपणे "बरं" म्हणायचे.

लागवडीचा खर्च आणि थाट एखाद्या मुंजीएवढा. कृष्णाकाठची आमची माती काळी, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. अंजनीला हवी निचऱ्याची, जांभ्या दगडाची तांबडी माती. तात्यांनी घाटावरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन गोण्या माती घेतली आणि एसटीनं आणली. कंडक्टरनं विचारलं, गोणीत काय. "माती." "कसली?" "महाबळेश्वरची." कंडक्टरनं साऱ्या गाडीकडं बघून विचारलं, "ष्ट्राबेरी सोडून?" तरी लगेजचं तिकीट त्यानं फाडलंच. ते तिकीट वहीत डकवलेलं आहे.

रोप लागलं ते देवचाफ्याच्या वळचणीला. हा चाफा तात्यांच्या आईनं लावलेला, विहिरीच्या कठड्याशी, रोज पाच फुलं देवाला जात. तात्यांना आधी त्याच्या मुळाची चौकशी करायचं सुचलंच नव्हतं. देवळात जे असतं ते आपलंच. पण 'विदेशी वृक्ष' उघडलं आणि त्यात चाफा निघाला. मेक्सिको आणि मध्य अमेरिका. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. चार दिवसांनी म्हणाले, "मेमसाहेबांना ऊन मिळत नाही. चाफा काढावा लागेल. अर्ज करतो." १९७५च्या कायद्यानं शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि अर्ज म्हटलं की तात्यांच्या बोटांना ऊब यायची.

काकू तांदूळ निवडत होत्या. चाळीस वर्षं सर्कलच्या घरात काढल्यावर माणसाला कायदा येतोच. "१ एप्रिल १९५७ला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"कृषक दिन. कूळकायद्यानं कसणारी कुळं मालक मानली गेली."

"चाफा आपल्या देवळांतून किती वर्षं राबतोय?"

तात्या गप्प.

"दोनतीनशे वर्षं धरा. एकही दिवस जमीन पडीक टाकली नाही. खंड म्हणाल तर रोजची पाच फुलं, सासूबाईंना, मला. म्हणजे तो कूळ. आणि कूळ म्हणजे मालक. आता काढा बघू त्याला."

"कूळकायदा झाडांना लागू होत नाही," तात्या म्हणाले.

"मग सातबारा कसा होतो?"

मी त्यावेळी ओट्यावर चहा घेत होतो. बशीतला चहा फुंकायच्या निमित्तानं मान खाली घातली. संध्याकाळी वहीत चाफ्याच्या पानावर नोंद पडली: 'कूळ. वाद प्रलंबित.' अर्ज तयार होता, तो फडताळात गेला.

मेमसाहेब वाढत होत्या म्हणणं हा उपचार. पहिल्या वर्षी दोन जोडपानं. दुसऱ्या वर्षी तीन. तात्या दर पहिल्या तारखेला मोजणीची फीत घेऊन जायचे, आणि एकदा वहीत उंची मागच्या महिन्यापेक्षा पाव इंच कमी भरली. फेरमोजणीचे आदेश निघाले. माझ्या आवारातला गुलमोहर (आधीच्या घरमालकाची देणगी) तोवर विजेच्या तारांपर्यंत पोचला होता आणि प्रत्येक मे महिन्यात तात्यांच्या अंगणात लाल सडा टाकायचा. ते तो झाडून कुंपणाशी एक ढीग करून ठेवायचे. न बोलता. नोटीस असते ती.

चौथ्या-पाचव्या वर्षी मेमसाहेब कमरेएवढ्या झाल्या, आणि तात्यांना दुसरा छंद लागला. झाड देखणं दिसलं पाहिजे. पावसाळा संपला की माळीमामा कात्री घेऊन यायचे आणि तात्या खुर्ची टाकून देखरेख करायचे. "इकडं थोडी. ती जुनी काडी काढा. गोल करा, गोल." झाड खरोखर गोल झालं, सरकारी बंगल्यापुढं असतं तसं. फूल मात्र नाही. सहावं वर्ष, सातवं, आठवं. दर मार्चला तात्या भिंग घेऊन बसायचे, गावनकाशे वाचायचं जुनं भिंग. शेणखत दिलं, ताक ओतलं, एकदा कुणी सांगितलं म्हणून लोखंडाचे खिळेही पुरले. दर पाडव्याला वहीत एकच शेरा: 'निरंक.'

नवव्या वर्षी काकूंच्या भाचीची मुलगी आली, वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं झाडाला एक फेरी मारली, कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजोबा, दर वर्षी छाटता?"

"नियमित," तात्या अभिमानानं म्हणाले.

"अहो, ही नव्या फुटीवर नाही फुलत. जुन्या लाकडावर फुलते. पानं गळून गेलेल्या जागी बारीक गाठी राहतात, बघा, ह्या. फुलं त्यातून येतात. तुम्ही नेमकं तेच कापताय." मग ती चाफ्याकडे वळली. "ह्याची सावली होती म्हणून लहानपणी टिकली. रानात दुसऱ्यांच्या सावलीतच वाढतात ना ह्या."

तात्यांनी भिंग घेऊन गाठी पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मुलगी आत पोहे खायला गेली, तरी ते तिथंच. त्या रात्री वहीत जी नोंद झाली ती मला तोंडपाठ आहे: 'स्थळपाहणी केली. फुले न येण्यास जबाबदार: खातेदार स्वतः. कात्री जप्त.' कात्री खरोखरच कपाटात कुलपाखाली गेली. माळीमामांना नव्या कामाची सवय लागायला वेळ लागला. येऊन ते झाडापुढं हात मागे बांधून उभे राहायचे, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे.

दोन हंगाम गेले. गोलाई गेली, मेमसाहेब अवघडल्यासारख्या वेड्यावाकड्या झाल्या. आणि अकराव्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सातला, मला पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो. माळीमामा पाठीवर पंप लावून झाडाशी उभे, नळी उगारलेली, आणि कमरेला पंचा, अंगाला साबण अशा स्थितीत तात्या त्यांच्या आणि झाडाच्या मधे. "खबरदार!"

"तात्या, अवं किडा लागलाय," माळीमामा काकुळतीला आले. "काड्यांवर बगा, नुसता बुजबुजाट. कडुनिंबाचं तेल मारतो, उद्यापर्यंत साफ."

काड्यांवर, गाठीगाठींतून, खसखशीएवढे गुलाबी-जांभळट दाणे लगडले होते. तात्यांनी साबणाच्या हातानं खिशातलं भिंग शोधलं, पंच्याला खिसा नसतो हे लक्षात आलं, आणि मग ते नुसत्या डोळ्यांनीच बघत राहिले. अंगावरचा साबण वाळला.

आठवड्याभरात दाणे मोहरीएवढे झाले आणि एका पहाटे फुटले. मी सहाला कुंपणाशी गेलो तेव्हा तात्या खुर्ची टाकून बसलेलेच होते. त्यांनी न बोलता भिंग माझ्याकडे दिलं. फूल नखाएवढंही नाही. चार निळ्या पाकळ्या, मधे आठ पुंकेसर, तेही निळे, आणि प्रत्येकाचं टोक किंचित वाकलेलं. असे शेकडो झुबके उघड्या काळ्या काडीला बिलगलेले. भिंग बाजूला केलं की नुसती शाई. सातेरी माश्या आल्या होत्या, त्यांची गुणगुण चहाच्या आधणासारखी बारीक आणि एकसारखी.

सकाळभर गल्ली लोटली. काकूंनी कंदी पेढे मागवले. येणारा प्रत्येकजण आधी झाडाच्या शेंड्याकडे मान वर करायचा, फूल शोधायचा, आणि "अजून आलं नाही वाटतं," असं म्हणून पेढा घ्यायचा. तात्या प्रत्येकाला खांद्याला धरून खाली वाकवत होते. एका आजोबांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "औषध नाही मारलंत?" त्यांना दुसरा पेढा मिळाला नाही.

चार-पाच दिवसांत निळाई ओसरली. पुढं फळं धरली, आधी गुलाबी, मग काळीजांभळी, मण्यांसारखी. बुलबुलांचं एक जोडपं आलं ते फळं संपवूनच गेलं. वहीत 'इतर हक्क' या रकान्यात लिहिलं गेलं: 'बुलबुल २, फळांची वहिवाट.'

मे महिन्यात मी नेहमीप्रमाणे गुलमोहराबद्दल ओशाळा होऊन पलीकडे गेलो. कुंपणाशी ढीग नव्हता. सडा होता तसाच अंगणभर पडलेला. तात्या पडवीत वही उघडून बसले होते. पान चाफ्याचं होतं. 'कूळ' या शब्दावर एक आडवी रेघ मारलेली, आणि वर बारीक अक्षरात 'मालक'. शेजारी सहीची आद्याक्षरं.

"पेन्सिलीनं का लिहिलंत?" मी विचारलं.

"फेरफार लगेच पक्का होत नाही, मास्तर. हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात."

"हरकत कोण घेणार?"

तात्यांनी चष्मा वर केला आणि विहिरीकडं, अंजनीकडं हात केला. "नोटीस बजावली आहे," ते म्हणाले. "मेमसाहेब अजून काही बोलल्या नाहीत."